एक मांजर, दोन तराजू

भाईंदरजवळच्या आमच्या शांती नगरात सकाळी मासळीची पाटी उतरली, की उभ्या स्कूटरच्या सीटवरून, दुकानांच्या पायऱ्यांखालून मांजरं उठतात. कोळीण बांगडा साफ करते, मुंडकं बाजूला टाकते आणि ते कोणी पळवायचं यावरून क्षणभर गुरगुर होते. वरच्या मजल्यावर, खिडकीच्या ग्रिलमध्ये बसलेलं एखादं पाळीव मांजर हे टक लावून बघत असतं. त्याच्या वाटीत पाकिटातले सुके दाणे असतात आणि कपाटात लसीकरणाची वही.

या दोघांकडे बोट दाखवून विचारलेला एक प्रश्न जिन्यात मला नेहमी ऐकू येतो : ‘खालच्यांना कोण लस टोचतं? पाकीट कोण चारतं? तरी ती ठणठणीत. मग आपल्याच माऊला एवढं सगळं कशाला?’

प्रश्न प्रामाणिक आहे. पण खालची मांजरं ठणठणीत दिसतात, कारण जी जगली तीच आपल्याला दिसतात. पावसाळ्याच्या तोंडावर मीटरबॉक्सखाली जन्मलेली चार-पाच पिल्लं आठवा. दिवाळीपर्यंत त्यातलं एखादंच उरतं. बाकीची जुलाबाने, चिकटलेल्या डोळ्यांनी, वाहत्या नाकाने कधी गेली, याची नोंद कोणाच्याच वहीत नसते.

याच प्रश्नातून अनेक जण ‘होलिस्टिक’ पद्धतीकडे वळतात. शब्दाचा अर्थ चांगला आहे : समग्र. नुसता आजार न बघता जनावराचं खाणं, वय, घर, ताण, सगळं एकत्र बघायचं. गडबड होते ती ‘नैसर्गिक ते चांगलं’ हे एकच वजन खाण्यालाही लावलं जातं आणि लशीलाही, तेव्हा. या दोन गोष्टींचे तराजू वेगळे आहेत.

वाटीतलं वजन

खाण्याच्या बाबतीत निसर्गाकडे बघणाऱ्यांचा मुद्दा बराचसा खरा आहे. मांजर शिकारी आहे आणि त्याचं शरीर मांसावरच चालतं. टॉरिन नावाचं द्रव्य आपण शरीरात तयार करतो. मांजराला ते पुरेसं करता येत नाही आणि वनस्पतींत ते जवळपास नसतंच. टॉरिन कमी पडलं की मांजराच्या डोळ्याचा पडदा निकामी होतो, हे १९७५ मध्ये सिद्ध झालं. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवलं, की त्याच कमतरतेने हृदयाचा स्नायूही ढिला पडतो. त्यांनी तपासलेल्या मांजरांपैकी अनेक मांजरं बाजारातलं पाकिटाचं खाणंच खात होती. त्यानंतर कंपन्यांनी टॉरिनचं प्रमाण वाढवलं. म्हणजे पाकिटावर शंका घेणारे अगदीच चुकत नव्हते, आणि पाकीट सुधारलं ते मोजमापामुळे.

पाण्याचंही तसंच. उंदराच्या शरीरात सुमारे ७० टक्के पाणी असतं, सुक्या दाण्यांत जेमतेम १०. मांजराची तहान मुळातच कमी. म्हणून ओलं खाणं देणं, दाण्यांवर पाणी घालणं, ही समग्र विचाराची शिकवण मोलाची आहे. लघवीचा त्रास असलेल्या बोक्यांना तर फारच.

पण ‘घरचं’ म्हणजे आपोआप ‘पूर्ण’ नव्हे. आमच्या माऊला घरचं खाणं सुरू केलं तेव्हा मी चिकन उकडायचे, पाणी सिंकमध्ये ओतायचे आणि पांढरे तुकडे वाटीत घालायचे. डॉक्टरांनी समजावलं, की टॉरिन पाण्यात उतरतं, तेव्हा ते पाणीच आधी वाटीत जायला हवं. छातीच्या मांसापेक्षा तंगडीत आणि त्याहून हृदयात टॉरिन जास्त. तेव्हापासून चिकनवाल्याकडे कलेजी-पेट्यासोबत हृदयंही मागते. कलेजी मात्र चिमूटभरच, कारण रोजच्या कलेजीतून ‘अ’ जीवनसत्त्व साठतं आणि मानेचे मणके आखडतात. शिवाय नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नाममात्र. त्यावर वाढणाऱ्या पिल्लांची हाडं साध्या उडीनेही मोडतात. म्हणून कॅल्शियमची पूड डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने, काट्यावर तोलून घालते.

आपल्याकडे मासळीचा मोह मोठा. पण काही कच्च्या माशांत ‘ब१’ जीवनसत्त्व नष्ट करणारं द्रव्य असतं. ते शिजवल्याने जातं. रोज तेलकट मासाच खाणाऱ्या मांजराला ‘ई’ जीवनसत्त्व कमी पडतं. काटे काढून शिजवलेला मासा अधूनमधून, एवढंच बरं.

कच्च्या मांसाचे पुरस्कर्ते कॅलिफोर्नियातल्या डॉ. फ्रान्सिस पॉटेंजर यांचा दाखला देतात. १९३२ ते १९४२ या काळात त्यांनी केलेल्या प्रयोगांत शिजवलेलं मांस खाणारी मांजरं पिढ्यागणिक खंगत गेली. पण मांजराला टॉरिन बाहेरूनच मिळावं लागतं, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. आज टॉरिनची ती उणीव भरून काढता येते, आणि कच्च्याचा धोका मात्र वाढला आहे. २०२४ च्या डिसेंबरअखेर नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला. तपासणीत बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू सापडला आणि संशय खाण्यातल्या कोंबडीवर गेला. वाघाला जे झालं ते त्याच्या मावशीलाही होऊ शकतं. चिकन नीट शिजवलं की हा विषाणू मरतो.

आणि एक नाजूक प्रश्न. शांती नगरात आणि पलीकडे भाईंदरला जैन, वैष्णव घरं पुष्कळ आहेत. दारात आलेलं पिल्लू उपाशी ठेवायचं नाही आणि घरात मांस आणायचं नाही, अशा दोन्ही बाजूंनी खऱ्या असलेल्या धर्मसंकटात सापडलेल्या बेन मी पाहिल्या आहेत. दूध-पोळी, दही-भात ही माया आहे, पण मांजराचं अन्न नाही. बहुतेक मोठ्या मांजरांना दूधही पचत नाही. कृत्रिम टॉरिन घातलेलं शाकाहारी खाणं परदेशात मिळतं. २०२३ मधल्या एका मोठ्या पाहणीत अशा मांजरांच्या तब्येतीत लक्षणीय फरक दिसला नाही. पण ती पालकांच्या सांगण्यावर आधारलेली होती, रक्ततपासणीवर नव्हे. तेवढ्या आधारावर मी माझं मांजर पणाला लावणार नाही. ज्या घराला मांसाचा दाणाही नको, त्याने त्या पिल्लाला मांसाहारी घर शोधून देणं, हीदेखील करुणाच.

सुईतलं वजन

लशीचा तराजू वेगळा, कारण इथे चूक हळूहळू सुधारायला सवड मिळत नाही. मांजरांची तिहेरी लस पॅनल्युकोपेनिया, हर्पिस आणि कॅलिसी या विषाणूंसाठी असते. हर्पिस आणि कॅलिसीची सर्दी तिने पूर्ण टळत नाही, सौम्य होते. पॅनल्युकोपेनियापासून मात्र ती भक्कम वाचवते. हा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो आणि आपल्या चपलेला लागून घरात येतो. ‘आमची माऊ उंबरा ओलांडत नाही’ म्हणून भागत नाही. आपण रोज ओलांडतो. बरं, फिनेलने तो मरत नाही, उलट फिनेल मांजराच्याच यकृताला झेपत नाही. त्यासाठी ब्लीचिंग पावडरचं पातळ पाणी लागतं.

जगभरच्या प्राणिवैद्यांची संघटना वसावा हिच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेनुसार पहिला डोस पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं असताना आणि मग दर दोन ते चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत. इतके डोस का? आईच्या दुधातून आलेलं संरक्षण लशीला अडवतं, आणि ते कोणत्या पिल्लात कधी ओसरेल ते बाहेरून कळत नाही. सहा महिन्यांच्या सुमारास आणखी एक डोस, आणि त्यानंतर घरात एकट्याच राहणाऱ्या मांजराला दर तीन वर्षांनी पुरतो. ‘दरवर्षी सगळं टोचायलाच हवं का?’ ही शंका म्हणूनच रास्त आहे. ती डॉक्टरांना विचारावी.

भीतीलाही आधार आहे. टोचलेल्या जागी क्वचित कर्करोगाची गाठ होते, हे अमेरिकेत १९९१ मध्ये लक्षात आलं. दहा हजार मांजरांत एखादं, किंवा त्याहूनही कमी, असा अंदाज आहे. त्यावर उपाय लस टाळणं हा नाही. मानेजवळ न टोचता पायाच्या खालच्या भागात किंवा शेपटीत टोचावं, जागा वहीत लिहावी आणि गाठ तीन महिन्यांनंतरही राहिली, दोन सेंटीमीटरहून मोठी झाली किंवा महिन्यानंतरही वाढत असली, तर लगेच दाखवावी.

लशीऐवजी ‘नोसोड’ नावाचे होमिओपॅथीचे थेंब सुचवले जातात. त्यांनी संरक्षण मिळतं याला पुरावा नाही, असं वसावाची मार्गदर्शिका स्पष्ट सांगते. आणि रेबीजच्या बाबतीत तर तडजोडीला जागाच नाही. लक्षणं दिसल्यावर हा रोग जवळजवळ हमखास जीव घेतो, मांजराचाही आणि त्याने ओरबाडलेल्या मुलाचाही. बारा आठवड्यांनंतर पहिली लस, वर्षाने दुसरी, पुढे लशीच्या वेष्टनावर असेल त्या अंतराने. कोणतंही मांजर चावलं तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवून थेट सरकारी रुग्णालय गाठावं.

समग्र विचार मला मनापासून पटतो, म्हणूनच तो अर्ध्यावर सोडवत नाही. आमच्या माऊची समग्रता तिच्या वाटीपाशी संपत नाही. त्यात माझी चप्पल येते, जिना येतो, तळमजल्यावर मांजरांना कुरवाळून तसेच घरी पळणारे हात येतात. यंदा आमच्या मजल्यावरच्या तिघींनी वर्गणी काढून मीटरबॉक्सखालच्या तीन पिल्लांना लस दिली. त्यांची वही माझ्याच कपाटात आहे. पहिल्या पानावर डॉक्टरांनी लिहिलंय : ‘उजवा मागचा पाय, खाली.’ तिन्ही पिल्लं आज सकाळी बांगड्याच्या मुंडक्यासाठी भांडत होती.