बोक्याला शुगर झाली, आता घरी काय करायचे?

माणसाला शुगर होते हे आता वस्तीतल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. दर दोन-चार घरांमागे एखाद्या आजीची, एखाद्या काकांची गोळी किंवा सुई चालू असतेच. पण मांजरालाही तीच शुगर होते, आणि तिच्यावर तेच इन्सुलिन चालते, असे सांगितले की लोक हसतात. आमच्या घरचा बोका नऊ वर्षांचा. त्याला मधुमेह असल्याचे निदान झाले तेव्हा शेजारच्या एका मावशी म्हणाल्या, "माणसाला औषध मिळंना, अन् बोक्याला सुई!" त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. रोजंदारीच्या घरात औषधाचा प्रत्येक पैसा कुठून तरी कापूनच येतो. म्हणूनच हा लेख लिहीत आहोत. हा आजार घरच्या घरी, कमी खर्चात आणि न चुकता सांभाळता येतो, पण त्यासाठी काही गोष्टी नीट समजून घ्याव्या लागतात.

आधी ओळखायचे कसे ते पाहू. शुगर झालेले मांजर पाणी फार पिते. एरवी मांजर पाण्याकडे फारसे वळत नाही. ते जर रांजणाखालच्या ओलीला, बादलीला, मोरीतल्या साचलेल्या पाण्याला तोंड लावू लागले तर लक्ष द्यावे. लघवी वाढते. राखेच्या किंवा वाळूच्या ढिगाऱ्यात ते जिथे बसते तिथे मुंग्या लागतात. माणसाच्या मधुमेहाची हीच खूण आपल्या जुन्या वैद्यांनी शेकडो वर्षांपूर्वी नोंदवून ठेवली आहे. जनावर खाते भरपूर, तरी वाळत जाते, पाठीचा कणा हाताला लागू लागतो. आणखी एक खूण आमच्याही ध्यानात आली होती. भिंतीवर सहज उडी मारणारा बोका ओट्यावरसुद्धा चढेना, आणि चालताना मागच्या पायांचे घोटे जमिनीला टेकवू लागला. वाढलेल्या साखरेने पायांच्या नसा कमजोर होतात त्याचे हे लक्षण. याला कुणी वारे गेले म्हणतात, कुणी करणी म्हणतात. ते साखरेचे काम आहे आणि साखर आटोक्यात आली की पुष्कळदा पाय सुधारतात.

हा आजार बहुधा उतारवयातल्या, लठ्ठ, घरातच पडून असणाऱ्या मांजरांना होतो. त्यातही खच्ची केलेल्या बोक्यांना जास्त. खाज किंवा दम्यासाठी स्टिरॉइडची औषधे खूप दिवस चालू असली तरीही होतो. मांजराची शुगर बरीचशी माणसाच्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहासारखी असते. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही आणि स्वादुपिंड थकत जाते.

हिंगोलीत आम्ही प्रथम ज्या दवाखान्यात गेलो तिथे "वय झालंय, राहू द्या" असे सांगून आम्हाला परत पाठवले. आपल्याकडचे जनावरांचे दवाखाने मुख्यत्वे गाई-म्हशी, बैल, शेळ्यांसाठी चालतात. मांजराची शुगर तपासायला कुणी येतच नाही, तर त्याची सवय तरी कुठून होणार? पण मराठवाड्यात परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, उदगीरलाही आहे, आणि शिकवण्याच्या अशा ठिकाणी दवाखानाही असतो. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्याआधी आपण परभणीचेच होतो. कचेरीच्या कामासाठी आपल्या लोकांनी ती वाट कितीदा तुडवली आहे. औंढ्यावरून एस.टी.ने जाता येते. मांजराला झाकणाच्या टोपलीत किंवा भोके पाडलेल्या खोक्यात, खाली जुने लुगडे घालून न्यावे. मोकळे घेऊन एस.टी.त बसू नये. ते घाबरून खिडकीतून उडी मारते.

घाबरण्यावरून एक महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. मांजर घाबरले की त्याच्या रक्तातली साखर आपोआप चढते. शुगर नसलेल्या मांजराचीही दवाखान्यात साखर वाढलेली दिसू शकते. म्हणून एका तपासणीवर निदान करत नाहीत. लघवीतली साखर पाहतात, आणि फ्रुक्टोसामिन नावाची रक्ततपासणी करतात. तिच्यावरून मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी समजते. डॉक्टरांनी ही तपासणी सांगितली तर खर्च वाढवतात असे समजू नये.

आता इन्सुलिनकडे वळू. हे औषध १९२१ साली कॅनडातल्या टोरँटो शहरात बँटिंग आणि बेस्ट या दोघांनी कुत्र्यांवर प्रयोग करून शोधले. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा दिले गेले. पुढे साठ वर्षे माणसे गाईच्या आणि डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्सुलिनवर जगली. जनावरांनी माणसाला जगवले, आता तेच औषध उलट्या वाटेने बोक्याकडे आले, इतकेच. आपल्या बाबासाहेबांनाही मधुमेहाने फार छळले होते. १५ एप्रिल १९४८ ला त्यांचा विवाह झाला. त्यानंतर त्यांचे पथ्यपाणी आणि औषधोपचार यांकडे माईसाहेब लक्ष देत, त्या स्वतः डॉक्टर होत्या. शुगरच्या रोग्याला औषधाइतकीच घड्याळाकडे पाहणारी माणसे लागतात, हे आपल्या लोकांना नव्याने सांगायला नको.

मांजराला बहुधा दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने इन्सुलिन द्यावे लागते. आमच्या घरी सकाळी सात आणि रात्री सात ही वेळ ठरली. सकाळी कामावर निघण्याआधी, आणि संध्याकाळी परत आल्यावर. सुरुवातीचा डोस फार लहान असतो, पुष्कळदा एका वेळी एकच युनिट. डोस डॉक्टरांनीच ठरवायचा आणि त्यांनीच बदलायचा. शेजाऱ्याच्या सल्ल्याने अर्धा युनिटसुद्धा वाढवू नये. लहान शरीरात तेवढाही फार होतो.

इथे एका धोक्याबद्दल आम्हाला जरा थांबून सांगायचे आहे, कारण आपल्या घरांत तो खरा आहे. आमच्या घरी आजीचीही सुई चालू आहे. आजीच्या बाटलीवर ४० लिहिलेले आहे, म्हणजे एका मिलिलिटरला ४० युनिट. तिची सिरिंज लाल टोपीची. बोक्याला डॉक्टरांनी ग्लार्जिन हे इन्सुलिन लिहून दिले, त्याच्यावर १०० लिहिलेले आहे, आणि त्याची सिरिंज नारिंगी टोपीची. आता कुणी घाईत १०० चे इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये एका रेघेपर्यंत भरले, तर आत एक नव्हे, अडीच युनिट जातात. चार किलोच्या बोक्याच्या जिवावर बेतायला एवढे पुरे. उलट बाजूने घोटाळा झाला आणि नारिंगी सिरिंजमध्ये आजीचे औषध भरले गेले, तर आजीला ठरल्यापेक्षा निम्म्याहून कमी औषध मिळते. म्हणून दोघांच्या बाटल्या आणि सिरिंज वेगळ्या डब्यांत ठेवाव्यात, डब्यांवर मोठ्या अक्षरात नावे लिहावीत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी डब्याला रंगीत दोरा बांधावा. आजीचे उरलेले इन्सुलिन "वाया कशाला घालवायचे" म्हणून मांजराला देऊ नये. आजीचे बहुधा दोन प्रकारांचे मिश्रण असते. ते मांजरावर वेगळ्या वेगाने काम करते.

सुई टोचणे अवघड नाही. भीती पहिल्या चार दिवसांचीच असते. मांजराला खायला द्यावे. ते खाण्यात गुंतले की मानेमागची किंवा कुशीची सैल कातडी दोन बोटांनी वर उचलावी. तंबूसारखा आकार होतो. त्या तंबूच्या पायथ्याशी सुई आत घालून औषध सोडावे. सुई केसाएवढी बारीक असते, बोक्याला पुष्कळदा कळतही नाही. कधी औषध बाहेर केसांवर सांडले तर पुन्हा टोचू नये. किती आत गेले ते माहीत नसते. पुढच्या वेळेची वाट पाहावी. एका वेळेची साखर वाढली तर चालते, पण साखर एकदम उतरली तर जीव जातो.

मांजराने खाल्लेच नाही किंवा ओकून टाकले, तर नेहमीचा डोस डोळे झाकून देऊ नये, आधी डॉक्टरांना फोन करून विचारावे. साखर उतरल्याची खूण अशी: बोका झोकांड्या खातो, अंग ढिले पडते, नजर एका जागी लागते, कधी झटके येतात. अशा वेळी साखरेचे घट्ट पाणी, मध किंवा ग्लुकोजची पूड भिजवून बोटाने त्याच्या हिरड्यांवर चोळावी. बेशुद्ध जनावराच्या तोंडात पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जाते. झटके चालू असतील तर दातांमध्ये बोट घालू नये. शुद्धीवर आले की खायला घालावे आणि लगेच दवाखाना गाठावा. आम्ही चुलीजवळच्या फळीवर ग्लुकोजची पुडी कायम ठेवतो, आणि ती कशासाठी आहे हे घरातल्या आठ वर्षांच्या मुलीलाही शिकवले आहे. दिवसभर घरात आजी आणि तीच असतात. याच्या उलट, मांजर खात नाही, सारखे ओकते, निपचित पडते, जोरजोराने श्वास घेते आणि तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास येतो, तर साखर फार चढून रक्तात विष तयार झाले असे समजावे. ते घरी थांबण्याचे काम नाही, त्याच दिवशी डॉक्टर हवा.

खाण्याबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. मांजर म्हटले की दूध-भाकरी, दूध-भात. मांजर हे मुळात मांसावर जगणारे जनावर आहे. भात, भाकरी, बिस्किटे हे सारे त्याच्या शुगरला खतपाणी. त्याला उकडलेली कोंबडी, अंडे, मासळी द्यावी. कोंबडीच्या दुकानात माने, पाय, काळीज असे स्वस्तात मिळते. मीठ-मसाला अजिबात नको. कांदा-लसणाने मांजराचे रक्त बिघडते, म्हणून आपल्या कालवणातले तुकडे धुऊनसुद्धा देऊ नयेत. शिजलेले हाड घालू नये, ते आतड्यात टोचते. नुसत्या कलेजीवरही ठेवू नये. नुसत्या मांसात चुन्याचा अंश कमी पडतो, त्याची भर कशी घालायची ते डॉक्टरांना विचारून घ्यावे. इन्सुलिन चालू असताना खाणे एका दिवसात बदलू नये. भात कमी केला की साखर उतरते आणि तोच डोस जास्त होतो. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, मेथी हे सल्ले आम्हाला ढीगभर मिळाले. बोका त्या वाटीकडे बघतही नाही, आणि ते बरेच आहे.

मराठवाड्याचा उन्हाळा आणि जाणारी वीज हा दुसरा प्रश्न. इन्सुलिन गारव्यात हवे, पण गोठता कामा नये. ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्यांनी मातीच्या दोन मडक्यांचा उपाय करावा. मोठ्या मडक्यात ओली वाळू, तीत लहान मडके, आणि लहान मडक्यात प्लास्टिकच्या डबीत औषध. वाळूवर रोज पाणी शिंपडावे, वर ओले फडके टाकावे, मडके सावलीत ठेवावे. खर्चाचा हिशोबही करून पाहावा. रोज दोन युनिट, म्हणजे २८ दिवसांत ५६. दहा मिलिलिटरच्या १०० वाल्या बाटलीत हजार युनिट असतात, तीन मिलिलिटरच्या लहान कार्ट्रिजमध्ये तीनशे. उघडलेले औषध साधारण २८ दिवसांत वापरायचे, असे वेष्टनावर लिहिलेले असते. मग मोठी बाटली घेऊन करायचे काय? लहान माप चालेल का, आणि त्यातून औषध कसे काढायचे, हे डॉक्टरांना आधीच विचारावे. जनऔषधी केंद्रातही चौकशी करावी.

साखर मोजायला आजीचे यंत्र चालते. कानाच्या कडेला हलके टोचून रक्ताचा थेंब घ्यायचा. माणसाच्या यंत्रावर मांजराची साखर प्रत्यक्षापेक्षा थोडी कमी दिसते, हे डॉक्टरांना सांगताना लक्षात ठेवावे. आकडा ८० च्या खाली दिसला तर त्या वेळची सुई थांबवून आधी फोन करावा. पट्ट्या महाग पडतात, म्हणून रोज नको, पण डोस बदलल्यावर तपासणे टाळू नये. शाळेची जुनी वही घेऊन तीत वेळ, डोस, खाणे, पाणी आणि वजन लिहावे. वजनासाठी किराणा दुकानातला काटा पुरतो, बोका पिशवीत घालून.

आणखी एक गोष्ट वापरलेल्या सुयांची. महिन्याला साठ सुया होतात. त्या तशाच कचऱ्यात टाकल्या तर घंटागाडीवरच्या माणसाच्या हातात घुसतात. तो माणूस पुष्कळदा आपल्याच वस्तीतला असतो. शाम्पूची किंवा ॲसिडची रिकामी जाड बाटली धुऊन तीत सुया टाकाव्यात. भरली की झाकण घट्ट लावून दवाखान्यात नेऊन द्यावी.

मांजरांच्या बाबतीत एक आशेची गोष्ट आहे. लवकर निदान झाले, इन्सुलिन न चुकता दिले आणि भात-भाकरी सुटली, तर बऱ्याच मांजरांचे स्वादुपिंड पुन्हा काम करू लागते आणि काही महिन्यांत इन्सुलिन बंद करता येते. माणसात हे इतक्या सहज घडत नाही. म्हणून पहिल्या तीन-चार महिन्यांत आकडे उतरताना दिसले तर डॉक्टरांना लगेच कळवावे, डोस कमी करावा लागतो. सुई बंद झाल्यावरही आठवड्यातून एकदा लघवीची पट्टी लावून पाहावी, आणि पाण्याची वाटी किती वेळा रिकामी होते ते मोजत राहावे. आमच्या बोक्याची अजून बंद झालेली नाही. पण दीड युनिटवरून तो पाऊण युनिटवर आला आहे, आणि गेल्या आठवड्यापासून ओट्यावर चढून बसतो.