शिबिर बंद असते तेव्हा

गेल्या वर्षी शाळेचे शिबिर आटोपून आम्ही तंबू गुंडाळीत होतो. त्या वेळी सातवीतील एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, अमेरिकेत मुले म्हणे उन्हाळाभर शिबिरात राहतात. मग बाकीचे दहा महिने तेथे काय असते?" दोर सोडविण्याच्या गडबडीत मी उत्तर दिले, "कुलूप!" मुले हसली आणि प्रश्न तेथेच मिटला. पुढे या विषयावर थोडे वाचन केल्यावर कळून आले की, माझे उत्तर साफ चुकीचे होते. शिक्षकाने चुकीचे उत्तर दिले असता ते दुरुस्त करणे त्याचे कर्तव्यच होय. म्हणून हा लेख.

उदाहरणासाठी एकच सरोवर घेऊ. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या ईशान्य कोपऱ्यात न्यू हॅम्पशायर नावाचे डोंगराळ संस्थान आहे. त्यात स्क्वाम नावाचे सरोवर आहे. भोवती अरण्य, मध्ये लहान लहान बेटे. यांपैकी चोकोरुआ नामक बेटावर 1881 साली अर्नेस्ट बाल्च या महाविद्यालयीन तरुणाने मुलांचे शिबिर उघडले. श्रीमंतांची मुले उन्हाळ्यात आईबापांबरोबर मोठमोठ्या हॉटेलांत आळसात लोळतात, हे त्यास पाहवत नसे. त्याच्या शिबिरात नोकर म्हणून कोणी नव्हता. स्वयंपाक, भांडी, झाडलोट सर्व मुलांनीच करावयाचे. हे शिबिर 1889 पर्यंत चालले. पण उन्हाळी शिबिराची जी कल्पना पुढे त्या देशभर पसरली, तिच्या आरंभी या बेटाचे नाव घेतात. त्या बेटावर झाडांच्या छायेत उघड्यावरचे उपासनास्थान आहे, व उन्हाळ्यात तेथे अद्यापि उपासना भरते.

याच सरोवराच्या काठी 1897 साली अ‍ॅलिस मेबल बेकन नावाच्या बाईंनी डीपहेवन हे शिबिर स्थापिले. बेकनबाई शिक्षिका होत्या. जपानात मुलींना शिकवून त्यांनी तेथील स्त्रियांविषयी ग्रंथही लिहिला होता. त्यांच्या शेजारीच श्रीमती मेरी अ‍ॅलिस आर्मस्ट्राँग यांनी रॉकीवोल्ड हे शिबिर काढले. पुढे दोन्ही एक झाली, आणि रॉकीवोल्ड-डीपहेवन या जोडनावाने ती संस्था आजही चालू आहे. येथे एकटी मुले येत नाहीत, सबंध कुटुंबे येतात. राहावयास लाकडी कुट्या, जेवावयास सामायिक भोजनगृह, आणि पोहावयास समोर सरोवर.

आता मुख्य गोष्ट. शरद ऋतूत पाहुणे परततात, महाविद्यालये उघडताच उन्हाळ्यापुरते कामास आलेले तरुणही निघून जातात, आणि मोजकी माणसे मागे राहतात. थंड मुलखातील अशा शिबिरांत त्यांचे पहिले काम म्हणजे नळ रिकामे करणे. पाणी गोठले म्हणजे सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते, हे आपण पदार्थविज्ञानात शिकलो आहोत. नळाच्या एखाद्या वाकणात थोडे जरी पाणी राहिले, तरी थंडीत तो नळ फुटतो, आणि फुटल्याचे कळते ते पुढच्या उन्हाळ्यात, पाहुणे दारात उभे असताना! म्हणून उताराच्या टोकाशी तोटी उघडून सर्व पाणी काढून टाकतात. मग होड्या पालथ्या करून छपराखाली न्यावयाच्या, पाण्यातील लाकडी धक्के काढून घ्यावयाचे, उंदरांपासून गाद्या जपावयाच्या, धुराडी झाकावयाची. आपल्याकडे महाबळेश्वरी पावसाळ्यापूर्वी घरांना गवताच्या ताट्या बांधून घेण्याची रीत होती, तसेच हे. तेथला शत्रू पाऊस, येथला हिम. लून नावाचे पाणपक्षी, ज्यांची लांबलचक हाक उन्हाळ्यात रात्री ऐकू येते, तेही समुद्राकडे निघून जातात.

मग येते वर्षातील सर्वांत मोठे काम, ते म्हणजे बर्फाची कापणी. होय, कापणी हाच शब्द योग्य आहे! या शिबिराच्या कुट्यांत अजूनही जुन्या पद्धतीच्या बर्फाच्या पेट्या आहेत. विजेची सोय नाही म्हणून नव्हे, तर रीत मोडावयाची नाही म्हणून. उन्हाळाभर त्या पेट्यांना लागणारा बर्फ हिवाळ्यात सरोवरातूनच काढून ठेवतात.

बर्फ सुमारे एक फूट जाड झाला म्हणजे त्यावर माणसे व यंत्रे उतरवितात. प्रथम वर साचलेले हिम झाडून काढावे लागते. विद्यार्थी विचारतील, हिम तर थंडच, मग ते काढावयाचे कशाला? कारण भुसभुशीत हिमात हवा कोंडलेली असते, आणि ते गोधडीप्रमाणे काम करते. गोधडीखाली बर्फ जाड होत नाही. नंतर पृष्ठभागावर आखणी करून करवतीने चौकोनी लाद्या कापतात. एकेक लादी पन्नास किलोंहून अधिक भरते. परंतु बर्फ पाण्यावर तरंगत असल्यामुळे, कापलेल्या वाटेतून एक माणूस लांब आकडीच्या काठीने ती लादी सहज ढकलीत नेतो. काठाशी ती उतरत्या फळीवरून ओढून घेतात, गाडीत घालून बर्फखान्यात नेतात आणि थरावर थर रचतात. अशा सुमारे 200 टन बर्फाचा साठा होतो. भोवती व वर लाकडाचा भुसा दाबून भरतात. त्या भुशातही कोंडलेली हवाच, म्हणून बाहेरची उष्णता आत शिरत नाही. हिमाची जी युक्ती सरोवरावर अडचण करते, तीच बर्फखान्यात उपयोगी पडते, ही मोठी गंमतीची गोष्ट आहे.

भुशाच्या या विद्येशी आपल्या देशाचाही जुना संबंध आहे. 1833 साली टस्कनी नावाचे जहाज बोस्टनहून तळ्यातील बर्फ घेऊन निघाले, आणि सुमारे चार महिन्यांनी कलकत्त्यास लागले. विषुववृत्त दोनदा ओलांडूनही निम्म्याहून अधिक माल शिल्लक होता. पुढे मुंबई व मद्रास येथेही अशा बर्फासाठी बर्फखाने उभे राहिले. यंत्राने बर्फ होऊ लागल्यावर तो व्यापार बुडाला. असो.

कापणी झाल्यावर कचेरीतील कामास जोर येतो. कोणती कुटी कोणत्या आठवड्यास कोणास द्यावयाची, याचा पत्रव्यवहार चालतो. उन्हाळ्यासाठी तरुणांची निवड होते. शिबिरांचा जुना अनुभव असा की, मागील वर्षीचा चांगला गडी परत मिळाला तर दहा नवख्यांची शिकवणूक वाचते. हे तरुण आल्यावर स्वयंपाकघर, होड्या, झाडलोट अशी कामे वाटून घेतात. कोणाकडे बर्फ येतो. भुशातून लादी उकरावी, धुवावी, फोडावी आणि कुटीकुटीच्या पेटीत नेऊन घालावी. ज्याने ती हिवाळ्यात कापली तो माणूस बहुधा पाहुण्यांच्या दृष्टीस पडतही नाही. पेटी उघडणारे मूल बर्फाचा तुकडा तोंडात टाकते आणि पोहावयास पळते. त्यात त्याचा काय दोष? आम्हीही लहानपणी तेच केले असते.

परंतु या कापणीचे पुढे काय होईल, ही चिंता खरी आहे. स्क्वामच्या शेजारी विनिपेसॉकी नावाचे मोठे सरोवर आहे. त्यावरील बर्फ कोणत्या दिवशी मोकळा झाला, याची नोंद 1887 पासून ठेविली आहे. माउंट वॉशिंग्टन ही आगबोट आपल्या पाचही धक्क्यांना जाऊ शकेल इतके पाणी मोकळे झाले, म्हणजे तो दिवस जाहीर करतात. सर्वांत उशिराचा दिवस 1888 सालचा, 12 मे. सर्वांत लवकरचा 2024 सालचा, 17 मार्च. आणि त्याच्या आधीचा उच्चांक फार जुना नव्हे, 2016 सालचा, 18 मार्च. हिवाळे असे नरम पडू लागले, तर एक फूट बर्फ धरण्याची वाट पाहावी लागते, आणि वाट पाहूनही तो धरेल अशी खात्री नाही. यंत्राने केलेला बर्फ विकत आणून पेट्या भरता येतील खऱ्या. पण मग तो त्या सरोवराचा बर्फ असणार नाही. म्हणून जानेवारीत तेथील माणसे काठावर जातात, बर्फास भोक पाडतात, आणि त्यात पट्टी उभी धरून जाडी मोजतात.