पाणी ओसरलं, मग झोप का येत नाही?

सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी मोजतात. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्याही वर गेलं. पूर पाहिलेला माणूस पावसाळ्यात मध्यरात्री उठून मोबाइलवर पातळी बघतो, यात नवल नाही. तिकडे साताऱ्याच्या पाटण खोऱ्यात जुन्या माणसांना ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आठवते. ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा गावं झोपेत होती.

अशा रात्रींनंतर काही दिवस झोप उडणं हा आजार नव्हे. शरीर राखण करत असतं. खरी अडचण पुढे येते. पाणी ओसरतं, भिंती वाळतात, तरी डोळ्याला डोळा लागत नाही. कारण आता भीती पुराची उरलेली नसते, ‘आज तरी झोप लागेल का’ याची असते.

‘लवकर आडवं व्हायचं, डोळे घट्ट मिटून पडून राहायचं, झोप येतेच’ हा सल्ला घरोघरी मिळतो. घात नेमका इथंच होतो. झोप जोर लावून येत नाही. ती आली का हे तपासत राहिलं की छाती धडधडते, मन सावध होतं आणि रात्रीमागून रात्री अंथरूण म्हणजे जागरण अशी सांगड बसते. म्हणूनच टीव्हीसमोर पेंगणारा माणूस उशीवर डोकं टेकताच टक्क जागा होतो. ही सांगड मोडण्याची रीत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडली: डोळे जड झाल्यावरच अंथरुणात जा. वीसेक मिनिटं झोप आली नाही असं वाटलं तर उठा, मंद उजेडात बसा, पेंग आली की परत या. सकाळी ठरल्या वेळीच उठा, दुपारची झोप टाळा. आणि घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा. मिनिटं मोजल्यानं धास्तीच वाढते.

‘एक रात्र गेली म्हणजे तब्येत गेली’ हेही खरं नाही. जागरण जितकं जास्त, तितकी झोपेची ओढ वाढते. मात्र पेंगत ट्रॅक्टर किंवा गाडी चालवू नका, तो धोका खरा आहे. रात्रीची वीज आली म्हणून उसाला पाणी पाजायला जाणाऱ्या शेतकऱ्याला निद्रानाश झालेला नसतो. त्याला झोपायलाच मिळत नाही. त्याला औषध नको, दिवसा वीज हवी.

गोळीबद्दल स्पष्ट सांगतो. शेजाऱ्याची झोपेची गोळी घेऊ नका. अशा अनेक गोळ्यांची सवय लागते आणि म्हातारपणी पडण्याचा धोका वाढतो. रोज घेत असाल तर अचानक बंदही करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. दारूनं डोळा लागतो, पण उत्तररात्रीची झोप मोडते. जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार गोळी नव्हे, तर विचार आणि सवयी बदलणारी मानसोपचार पद्धत असावी, अशी शिफारस अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेनं २०१६ मध्ये केली.

आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री, तीन महिने असंच चाललं असेल तर लाजू नका, मनोविकारतज्ज्ञांना भेटा. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही बोलते.