कानात आवाज, पायाखाली ऊन पाणी

शाळेच्या सहलीत माहिती सांगणारा वाटाड्या तुम्ही पाहिलाच असेल. तो भराभर पुढे चालतो. मागे राहिलेल्यांना निम्मेच ऐकू येते आणि एखादा प्रश्न विचारावा, तोवर सगळा घोळका पुढच्या दालनात गेलेला असतो! या अडचणीवर माणसाने काढलेला तोडगा म्हणजे ध्वनिमुद्रित वाटाड्या.

१९५२ साली ऍमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात असा प्रयोग झाला. दालनाभोवती तारेचे वेटोळे बसवून त्यातून भाषण प्रक्षेपित करीत आणि प्रेक्षक हातातल्या लहानशा ग्राहकयंत्रावर ते ऐकत. गंमत अशी, की सर्वांना एकाच वेळी एकच वाक्य ऐकू येई. त्यामुळे सगळ्यांच्या माना एकदम एकाच चित्राकडे वळत! आज हा वाटाड्या मोबाईलमध्ये मावतो. हवे तेव्हा त्याला थांबवता येते, पुन्हा बोलायला लावता येते.

अशा वाटाड्याला बरोबर घेऊन आज आपण एका दिवसाची सहल करू या. गाव आहे इंग्लंडमधले बाथ. तेथील ऊन पाण्याच्या झऱ्यांवर रोमन लोकांनी सुमारे १९०० वर्षांपूर्वी स्नानगृहे बांधली. या सहलीला एकच अट आहे. प्रत्येक मुक्कामावर कानातला आवाज ऐकून झाला, की हेडफोन काढायचा आणि विचारायचे : "हे कशावरून?"

बोगद्यात अडकलेला ठिपका

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून बाथ सुमारे १७० किलोमीटर. गाडीने साधारण दीड तास लागतो. मोबाईलच्या नकाशावर एक निळा ठिपका आपल्याबरोबर धावत असतो. बाथ जवळ येताच गाडी बॉक्स नावाच्या बोगद्यात शिरते. हा बोगदा ब्रुनेल या अभियंत्याने आखला आणि तो १८४१ साली खुला झाला. त्याची लांबी जवळजवळ तीन किलोमीटर आहे. आत शिरताच ठिपका गोंधळतो, कधी जागीच थांबतो. असे का?

आपली जागा मोबाईलला सांगतात ते जीपीएसचे उपग्रह. ते सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि 'माझ्या घड्याळात आता इतके वाजले' असा रेडिओ संदेश सतत पाठवतात. रेडिओ लहरींचा वेग सेकंदाला तीन लक्ष किलोमीटर. म्हणजे उपग्रह अगदी डोक्यावर असला, तरी संदेशाला पोचायला सुमारे ०.०६७ सेकंद लागतात. हा वेळ मोजला, की उपग्रहाचे अंतर कळते. तीन उपग्रहांची अंतरे कळली तर आपली जागा निश्चित व्हावी. पण मोबाईलचे घड्याळ उपग्रहातल्या अणुघड्याळाइतके अचूक नसते. त्याची चूक काढण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. ही चूक किती महागात पडते पाहा : सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक म्हणजे ३०० मीटरचा फरक! मग तुम्ही स्नानगृहाच्या दारात असाल आणि वाटाड्या मात्र दोन गल्ल्या पलीकडच्या इमारतीचे वर्णन करू लागेल.

बोगद्यात डोक्यावर सगळा डोंगर असतो. त्यातून हे क्षीण संदेश आत येत नाहीत, म्हणून ठिपका अडकतो. बोगदा संपला, की तो टुणकन उडी मारून आपल्याला गाठतो.

पाणी हिरवे का?

स्थानकापासून पाच-सात मिनिटे चालले, की रोमन स्नानगृहे येतात. येथे तिकिटाबरोबरच ध्वनियंत्र मिळते. मोठे कुंड सुमारे १.६ मीटर खोल असून त्याच्या तळाशी रोमनांनी बसवलेले शिशाचे ४५ पत्रे आजही आहेत. पाण्यावर वाफा तरंगत असतात आणि पाण्याचा रंग दिसतो दाट हिरवा.

हेडफोन काढा. हा रंग कशाचा? 'पाण्यातल्या क्षारांचा' असे उत्तर चटकन सुचते. पण ज्या झऱ्यातून हे पाणी येते, तेथे ते हिरवे नसते. तेच क्षार, तेच पाणी, मग फरक कुठे? उत्तर आहे डोक्यावर. रोमन काळात या कुंडावर छप्पर होते, आज ते नाही. ऊन थेट पाण्यावर पडते आणि त्यात शेवाळ वाढते. रंग आहे तो शेवाळाचा. पाणी जाते त्या वाटेवर मात्र दगडांना नारिंगी छटा आलेली दिसते. ती पाण्यातल्या लोहाची आहे, म्हणजेच गंजाची.

पाणी किती खोल जाऊन आले?

मुख्य झऱ्याचे पाणी सुमारे ४६ अंश सेल्सिअस तापमानाचे आहे आणि ते दिवसाला सुमारे ११ लाख ७० हजार लिटर येते. आधी हा आकडा लहान करून घेऊ. दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार केला, तर सेकंदाला साडेतेरा लिटर, म्हणजे जवळजवळ एक बादली.

आता उष्णता पाहू. तिथल्या जमिनीचे सरासरी तापमान सुमारे १० अंश धरले, तर पाणी ३६ अंशांनी अधिक तापलेले आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला ४.२ किलोज्यूल लागतात. १३.५ × ४.२ × ३६ म्हणजे सेकंदाला सुमारे २,००० किलोज्यूल, अर्थात २,००० किलोवॅट. दोन किलोवॅटचे एक हजार गीझर रात्रंदिवस चालू ठेवल्यासारखेच झाले! यातली काही उष्णता हल्ली जवळच्या बाथ ॲबी या जुन्या चर्चची फरशी उबदार ठेवण्यासाठी वापरली जाते.

पण हे गीझर पेटवतो कोण? बाथजवळ एकही जागृत ज्वालामुखी नाही. तरीही जमिनीत खोल जावे तसे तापमान वाढत जाते. येथे ही वाढ दर किलोमीटरला सुमारे २० अंश धरतात. मग ४६ अंशांसाठी ३६ ÷ २०, म्हणजे १.८ किलोमीटर खोली पुरे झाली, असे तुम्ही म्हणाल. पण थांबा. वर येताना पाणी थोडे निवले असणार. मग खालचे तापमान मोजायचे कसे?

येथे सिलिका मदतीला येते. सिलिका म्हणजे वाळूतला मुख्य घटक. पाणी जितके गरम, तितकी जास्त सिलिका त्यात विरघळते. पाणी निवले, तरी विरघळलेली सिलिका लगेच बाहेर पडत नाही. तेव्हा झऱ्याच्या पाण्यातील सिलिका मोजली, की पाणी खाली किती तापले होते याचा अंदाज येतो. जणू पाण्याने आपल्या सर्वांत तापलेल्या क्षणाची चिठ्ठी खिशात ठेवली आहे! अशा अभ्यासांतून बाथच्या पाण्यासाठी ६४ ते ९६ अंश असा अंदाज निघाला. त्यातून १० वजा करून २० ने भागा. उत्तर येते २.७ ते ४.३ किलोमीटर. माणसाने इतक्या खोल थर्मामीटर न सोडताही हे कळले.

हे पाणी मुळात पावसाचे. ते बहुधा दक्षिणेकडील मेंडिप टेकड्यांवर काही हजार वर्षांपूर्वी पडले, चुनखडकाच्या भेगांतून खोल मुरले, तापले आणि बाथखालच्या भेगांतून वर आले. म्हणजे तुमच्यासमोर वाफाळणारे पाणी रोमनांच्याही आधी ढगांतून पडले असावे.

बुडबुड्यांत हेलियम

झऱ्याच्या कुंडात सतत बुडबुडे उठतात. पाहणाऱ्याला वाटते पाणी उकळते आहे. पण ४६ अंशांना पाणी उकळत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. ते बुडबुडे वायूचे आहेत. त्यात मुख्यतः नायट्रोजन असतो. १८९५ साली रॅम्झे यांनी पृथ्वीवर प्रथमच हेलियम वायू मिळवला. त्यानंतर लवकरच लॉर्ड रॅले यांना बाथच्या वायूतही हेलियमचा अंश आढळला. खडकांतील युरेनियम आणि थोरियम यांतून आल्फा कण बाहेर पडतात. आल्फा कण म्हणजे हेलियमचे अणुकेंद्र. त्याला दोन इलेक्ट्रॉन मिळाले, की झाला हेलियमचा अणू. आपल्या देशात बंगालमधील बक्रेश्वरच्या ऊन झऱ्यांतूनही हेलियम बाहेर पडतो.

पवित्र पाणी आणि १९७८ सालची घटना

रोमन लोक हे पाणी सुलिस मिनर्वा देवीचे मानीत. कुणी कपडे चोरले, तर शिशासारख्या धातूच्या पत्र्यावर चोराला शाप लिहून तो झऱ्यात टाकीत. असे सुमारे १३० पत्रे सापडले आहेत. पुढे अठराव्या शतकात श्रीमंत लोक येथे दुखणी घेऊन येत आणि पाणी पीत. इतक्या पिढ्या ज्या पाण्यात बरे व्हायला उतरल्या, ते निर्धोकच असणार, नाही का?

१९७८ साली बाथमध्ये झऱ्याच्या पाण्यात पोहलेली एक शाळकरी मुलगी मेंदूच्या दाहाने दगावली. तपासात 'नेग्लेरिया फाउलेरी' नावाचा अमीबा सापडला. हा एकपेशीय जीव डोळ्यांना दिसत नाही. त्याला कोमट ते गरम गोडे पाणी मानवते. असे पाणी प्यायल्याने हा रोग होत नाही. पण ते जोराने नाकात गेले, तर अमीबा तेथून मेंदूपर्यंत पोचतो. रोग क्वचितच होतो, पण झाला तर बहुतेक वेळा प्राणघातक ठरतो. केरळमध्ये २०२४ साली याच प्रकारच्या रोगाने काही मुले दगावली.

बाथमधले पोहणे बंद झाले. मग प्रश्न पडला, की खोलवर तापून आलेल्या पाण्यात हा जीव आला कुठून? दोष खोलवरच्या पाण्याचा नव्हता. पाणी वर येताना जमिनीलगतच्या थरांतून येई आणि तेथेच ते दूषित होई. म्हणून १९८० च्या दशकात तिरप्या विंधणविहिरी खणून खालचे शुद्ध पाणी थेट नळीतून वर आणले. २००६ साली नवे स्नानगृह उघडले. त्यात शुद्ध केलेल्या पाण्यात लोक पुन्हा पोहू लागले. रोमन कुंडात मात्र आजही उतरू देत नाहीत. पाणी ऊन आहे, जुने आहे, पवित्र मानलेले आहे, यांपैकी कशावरूनही ते निर्धोक ठरत नाही. ते तपासावेच लागते.

परसातून दिसलेला ग्रह

येथून दहा मिनिटांवर न्यू किंग स्ट्रीटवर एक साधे घर लागते. येथे विल्यम हर्शेल राहत. ते व्यवसायाने संगीतकार, चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत. दिवसा शिकवण्या आणि रात्री आकाशदर्शन. दुर्बिणीचे धातूचे आरसे ते घरीच ओतत आणि घासत. त्यांची बहीण कॅरोलीन त्यांना मदत करी. पुढे तिने स्वतःच अनेक धूमकेतू शोधले. १३ मार्च १७८१ च्या रात्री घराच्या परसातून हर्शेलना एक 'तारा' चकतीसारखा दिसला. तारे तर दुर्बिणीतही बिंदूच दिसतात! आधी तो धूमकेतू वाटला. पण त्याच्या कक्षेचे गणित मांडल्यावर तो ग्रह ठरला. तोच युरेनस.

आता टाळी वाजवा

शेवटचा मुक्काम सर्कस. ही प्राण्यांची सर्कस नव्हे बरे का! गोल चौकाभोवती कमानीसारख्या वळणावर बांधलेल्या घरांच्या या तीन रांगा आहेत. जॉन वुड यांनी आखलेले हे काम १७५४ साली सुरू झाले. येथे हेडफोन पिशवीतच ठेवा. चौकाच्या बरोबर मध्यभागी उभे राहा आणि एक खणखणीत टाळी वाजवा. टाळी परत येते!

वर्तुळाचा व्यास सुमारे ९७ मीटर. म्हणजे प्रत्येक घर तुमच्यापासून सारख्याच अंतरावर, सुमारे साडेअठ्ठेचाळीस मीटरवर आहे. आवाज तिथवर जाऊन परत आला, की ९७ मीटर झाले. आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला, तर ०.२८ सेकंद लागतात. सगळ्या भिंतींवरून परतलेला आवाज एकाच क्षणी मध्यावर पोचतो, म्हणून तो ठळक ऐकू येतो. दहा पावले बाजूला सरका. आता काही भिंती जवळ आल्या, काही दूर गेल्या. आवाज मागेपुढे पोचतो आणि प्रतिध्वनी पसरट होतो.

हे मोजायचे असेल, तर अशा लयीत टाळ्या वाजवा, की प्रतिध्वनी दोन टाळ्यांच्या बरोबर मध्ये पडेल. एका टाळीपासून पुढच्या टाळीपर्यंत ०.५७ सेकंद, म्हणजे अशी दहा अंतरे ५.७ सेकंदांत संपली पाहिजेत. यासाठी बाथला जायलाच हवे असे नाही. शाळेच्या मैदानासमोर उंच भिंत असेल, तर तिच्यापासून ५० मीटरवर उभे राहा, मित्राच्या हाती घड्याळ द्या आणि आवाजाचा वेग स्वतः काढा.

आपला वाटाड्या आपणच

आपल्या महाराष्ट्रातही वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हेरे, तुरळ, उन्हवरे, राजापूरचे उन्हाळे असे ऊन पाण्याचे कितीतरी झरे आहेत. उन्हवऱ्याचे पाणी तर बाथपेक्षा कितीतरी कढत, ७० अंशांच्या आसपास आहे. मग यांतल्याच एखाद्या झऱ्यासाठी तुमच्या वर्गाने ध्वनिमुद्रित वाटाड्या तयार केला तर? थर्मामीटर दोरीला बांधून तापमान मोजा. बादली भरायला किती सेकंद लागतात ते पाहा आणि दिवसाचे लिटर काढा. बुडबुडे येतात का, दगडांवर कोणत्या रंगाचा थर आहे, हे टिपा. गावातल्या आजी-आजोबांना कुंडाच्या गोष्टी विचारा. मोठ्यांना बरोबर घ्या, कढत पाण्यात हात घालू नका आणि कुंडाचे पाणी नाकात जाऊ देऊ नका. मग मोबाईलवर पाच-पाच मिनिटांचे भाग तुमच्याच आवाजात मुद्रित करा.

आणि प्रत्येक भागाच्या शेवटी ऐकणाऱ्याला सांगायला विसरू नका : "आता हेडफोन काढा, आणि आम्ही सांगितले ते खरे आहे का, ते स्वतः तपासून पाहा."