आईचं ताट आणि बाळाची चाळिशी



गावात मातांची सभा घेतली की मी एक प्रश्न हमखास विचारते. दिवस गेलेल्या सुनेनं किती जेवावं? सून गप्प बसते, उत्तर सासूबाई देतात. "लई खाल्लं की पोर मोठं होतंय, बाळंतपण अडतंय." मग सून अर्धी भाकरी कमी खाते. सासूबाईंचा हेतू वाईट नसतो. पण या अर्ध्या भाकरीचा हिशेब ते पोर चाळिशीला आल्यावर द्यावा लागू शकतो. कसा, ते आपल्या शेजारच्या पुणे जिल्ह्यात दिसून आलं आहे.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत अभ्यास सुरू केला. शेतकरी घरातल्या, आपल्यासारख्याच बायका. दिवस जाण्याआधीच त्यांची उंची-वजनं घेतली. पुढं गरोदरपणात त्या काय खातात, किती राबतात, रक्तात काय कमी आहे, हे सगळं लिहून ठेवलं. बाळं जन्मली, त्यांची मापं घेतली आणि ती मोठी होत गेली तरी तपासणी सोडली नाही.

या बायकांचं वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास होतं. बाळं भरली सरासरी २ किलो ७०० ग्रॅमच्या आत, म्हणजे इंग्लंडातल्या बाळांपेक्षा पाऊण किलोनं कमी. दिसायला हाडकुळी, हातापायाला मांस नाही. पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं टिकून होती! दुष्काळात घरधनी काय करतो? कणगीतलं धान्य राखून ठेवतो आणि घराची डागडुजी पुढं ढकलतो. पोटातलं बाळ तसंच करतं, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. चरबी राखतं, मांस आणि आतले अवयव बांधायचे राहून जातात. पुढं खाणंपिणं सुधारलं, अंगमेहनत कमी झाली, की अशा शरीराला मधुमेह आणि रक्तदाब लवकर गाठतात. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळं उपासमार झाली होती. तेव्हा जी मुलं आईच्या पोटात होती, त्यांच्यात पन्नाशीच्या सुमारास रक्तातली साखर बिघडलेली जास्त आढळली.

मग बाईनं खावं काय? पोटभर जेवण तर हवंच. पण त्या सहा खेड्यांत नुसत्या भाकऱ्यांच्या संख्येवरून बाळाच्या वजनात फरक दिसला नाही. ज्या बायका पालेभाजी, फळं आणि दूध वरचेवर घेत होत्या, त्यांची बाळं चांगली भरली. निम्म्याहून जास्त बायकांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होतं. ते दूध, दही, अंडी, मटण, मासळी यांतून मिळतं, भाजी-भाकरीतून नाही. नर्सताई लोहाच्या गोळ्या देतात त्या सोडू नका, पण जोडीला वाटीभर दही हवंच. शाकाहारी घरानं तर जास्तच लक्ष द्यावं.

आता आपल्या जिल्ह्याची गंमत बघा. पहाटे धार काढायची, सगळं दूध डेअरीला घालायचं आणि घरात पोटुशी सून कोरा चहा पिते! दुधाचा पैसा लागतो हे खरं. पण रोज एक पेला घरात ठेवल्यानं कुणाचं बिल बुडत नाही. पालेभाजीला तर पैसाही लागत नाही. न्हाणीच्या सांडपाण्यावर शेवगा, बांधाला तांदुळजा, दाराशी मेथी-शेपू. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपलं, म्हणून २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेची पायरीही न चढलेल्या या बाईंना परसबागेची किंमत ठाऊक होती.

पुरुषमंडळी, आता तुमच्याकडं वळते. त्याच अभ्यासात असंही दिसलं, की गरोदरपणात जास्त काबाडकष्ट करणाऱ्या बायकांची बाळं वजनानं कमी भरली. विहिरीचं पाणी, धुण्याचं ओझं, शेतातलं काम. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना हे वेगळं सांगायला नको. मोळी डोक्यावर चढवून देण्याऐवजी ती तुम्ही उचला. हंडा तुम्ही आणा. कुणी हसलं तर हसू द्या.

आणि एवढं सगळं करूनही पहिलं पोर अंगावर पितंय तोच दुसऱ्यांदा दिवस गेले, तर खाल्लेलं भरून येणार कधी? बाळंतपणात आईच्या अंगचं लोह जातं, दुधावाटे कस जातो. ते भरायला वेळ लागतो. म्हणून बाळंतपणानंतर किमान दोन वर्षं तरी पुन्हा दिवस जाऊ देऊ नयेत. लेकीचं लग्न अठराच्या आत नको, तो गुन्हा आहेच, शिवाय तिचं स्वतःचंच अंग अजून वाढत असतं.

पाळणा लांबवायला साधनं आहेत. निरोध, तांबी, माला-एन, दर तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन, छाया गोळी. अंगावर पाजणाऱ्या आईला यातलं कोणतं चालेल, ते उपकेंद्रातल्या नर्सताई तपासून सांगतील. सरकारी दवाखान्यात ही साधनं मोफत मिळतात. तिथं एकट्या बाईला पाठवू नका, जोडीनं जा. जाताना सासूबाईंनाही बरोबर न्या, अर्ध्या भाकरीचा प्रश्न तिथंच सुटेल.