गप्प बसू नका गं!

आठवडी बाजाराचा दिवस. आमच्या वडगावात त्या दिवशी घरोघरी गडबड असते. पिशवीतली भाजी अजून जमिनीवर, गॅसवर दूध, आणि तेवढ्यात माझ्या थोरल्या जाऊबाईंचा फोन वाजला.

"मॅडम, बँकेतून बोलतोय. तुमचं केवायसी संपलंय. आज केलं नाही तर खातं बंद होईल. लाडक्या बहिणीचे 1500 रुपयेही जमा होणार नाहीत."

जाऊबाई घाबरल्या. त्यानं कार्डाचा नंबर विचारला, यांनी सांगितला. मोबाइलवर सहा आकडे आले, तेही वाचून दाखवले. दूध उतू जायच्या आत खात्यातले 18 हजार गेले. दुधाच्या पैशातून पै पै करून साठवलेले!

पण मला खरं वाईट वाटलं ते पुढचं. जाऊबाई दोन दिवस कुणाशी बोलल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्यापाशी रडल्या. "ह्यांना कसं सांगू गं? म्हणतील, एवढं पण कळंना व्हय तुला?" आम्ही बँकेत गेलो, पोलिसांत तक्रार दिली. तोवर पैसे कुठल्या कुठे गेले होते. अजून काही परत आलेले नाहीत.

ते सहा आकडे, म्हणजे ओटीपी, म्हणजे आपली सही. आपण इकडे आकडे सांगतो तेव्हा तो तिकडे आपल्याच कार्डावर व्यवहार पुरा करत असतो. खरी बँक फोनवर ओटीपी, पिन किंवा कार्डामागचे तीन आकडे कधीच मागत नाही. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो. व्हॉट्सॲपवर बँकेच्या नावानं एखादी फाइल आली तर ती उघडून ॲप भरून घेऊ नका. तसल्या ॲपमधून आपले मेसेज परस्पर चोराला दिसू शकतात.

बँकांनी व्यवहाराचे फोन 1600 ने सुरू होणाऱ्या नंबरांवरूनच करावेत, असं रिझर्व्ह बँकेनं जानेवारी 2025 मध्ये सांगितलं. तरी नंबर कुठलाही असो, शंका आली की फोन ठेवावा आणि पासबुकावर किंवा कार्डामागे छापलेल्या नंबरावर आपण स्वतः लावावा. नाहीतर सरळ शाखेत जावं. खातं काही तासाभरात बंद होत नाही.

आणि चूक झालीच तर? त्याच मिनिटाला 1930 हा नंबर फिरवा. ही सायबर फसवणुकीसाठीची सरकारी मदतवाहिनी आहे. लवकर कळलं तर पैसे पुढच्या खात्यातच अडवता येतात. लगोलग बँकेलाही कळवून कार्ड बंद करून घ्या आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेनं नियम घातला, की ओटीपी आपणच सांगितला तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, पण कळवल्यानंतर गेलेले पैसे बँकेनं सोसायचे. म्हणजे आपल्या गप्प बसण्याचा फायदा फक्त चोरालाच!

झारखंडातलं जामताडा अशा फोनांसाठीच देशभर बदनाम झालं. या धंद्यात भले भले शिकलेले, नोकरदारही फसले आहेत. मग आपणच लाजून तोंड का लपवायचं?

आता आमच्या फ्रीजवर 1930 मोठ्या अक्षरात चिकटवलाय. जाऊबाईंनीच लिहिलाय. बचत गटाच्या बैठकीत त्या स्वतःची गोष्ट स्वतःच सांगतात. परवा तसाच फोन पुन्हा आला, तेव्हा म्हणाल्या, "थांबा हं, शाखेतच येते." पलीकडून फोन कट!