मऊ बोटाला कळतं कसं?

विष्णुपुरीच्या एसजीजीएस अभियांत्रिकी संस्थेत किंवा लातूरच्या पूरणमल लाहोटी तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, सॉफ्ट रोबोटिक्सकडे, म्हणजे मऊ साहित्याच्या रोबोंकडे, जरूर बघा!

अशा रोबोंची सिलिकॉनची पोकळ बोटं हवा भरली की वाकतात, टोमॅटोही न चिरडता उचलतात. पण आपण किती वाकलो, हे त्यांना कळत नाही. कडक सेन्सर लावला तर मऊपणाच जातो. यावरचा एक उपाय मला फार सुंदर वाटतो: सिलिकॉनमध्येच केसासारखी बारीक पोकळी ठेवून तीत गॅलियम-इंडियमचा द्रव धातू भरायचा. ताण बसला की ती लांब आणि अरुंद होते. लांबी दुप्पट, तर रेझिस्टन्स साधारण चौपट! 2018 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी आयनोजेलचे, म्हणजे आयनांमधून वीज वाहू देणाऱ्या जेलचे, सेन्सर थ्रीडी प्रिंटिंगनं थेट बोटाच्या आतच छापले. वाकणं, स्पर्श, तापमान सगळं टिपता येऊ लागलं.

स्वतः करून बघायचंय? द्रव धातू महाग पडतो. पातळ सिलिकॉन नळीत मिठाचं पाणी भरा, दोन्ही टोकांना तारा खोचून बंद करा, मल्टिमीटर लावा आणि नळी ताणा. आकडा आपोआप सरकत राहिला तर गोंधळू नका. डीसी करंटमुळे तारांपाशी आयन साचतात. आर्डुइनोनं करंटची दिशा पटापट उलटवत मोजलं, की रीडिंग बरंच स्थिर होतं.